एटीबाईची खांदशेकणी

गाडी सुरू झाली, धूर निघाला तोही सभ्य रंगाचा, आणि धान कापणीनंतर चंदाचं लग्न ठरल्याप्रमाणे कमलेशशीच होणार हे पक्कं झालं.

असं अजून काहीही झालेलं नाही. वरचं वाक्य चुकून आधी आलं. ते आपण पाहिलं नाही, आणि कमलेशनं तर नाहीच नाही. कारण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याच्या त्या सकाळी तो शेठजींच्या गोठ्यात बसला होता, मांडीवर इंजिनचं हेड होतं, आणि त्याचं स्वतःचं डोकं जागेवर नव्हतं.

शेठजी म्हणजे ताराचंदजी. तुमसरला त्यांची राईस मिल, आणि साकोलीच्या पुढे जंगलाच्या अंगाला शेत. त्या शेतावर त्यांनी पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या आणि बांधावरून फिरायला एक एटीव्ही आणली. चार फुगीर चाकं, मधे मोटरसायकलचं हँडल. पर्यटक दोनदा आले. एटीव्ही राहिली. शेत सांभाळणारे जागेश्वरमामा तिला ‘एटीबाई’ म्हणत आणि तिच्यावर ओली गोणपाटं वाळत घालत.

या जागेश्वरमामांची मुलगी म्हणजे चंदा. साकोलीत गॅरेज चालवणाऱ्या कमलेशला त्यांनी एकाच गुणावर पसंत केलं होतं. ‘पोराच्या हाताले यश हाय,’ असं ते गावभर सांगत. आता ते यश तीन तसराळ्यांत, सुटं करून, रॉकेलमध्ये भिजत पडलं होतं.

झालं होतं असं. पोळ्याच्या आदल्या दिवशी कमलेशनं सर्व्हिसिंगसाठी एटीबाईचं जुनं ऑइल काढलं. नवं टाकणार, तेवढ्यात हायवेवर कुणाची तरी बस बंद पडल्याचा फोन आला. तो आपल्या मोटरसायकलला किक मारता मारता ओरडला, “मामाजी, एटीव्हीले तेवढं तेल देऊन द्या जी! डबा ओसरीत हाय!”

आता ‘तेल देणे’ याचा गॅरेजमध्ये एक अर्थ होतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेतकऱ्याच्या घरी दुसरा होतो, आणि त्या दिवशी तिसरा अर्थ निघूच शकत नाही. मामांनी बैलांसोबत एटीबाईलाही ओळीत उभं केलं. पळसाच्या पानानं तिचे खांदे शेकले. एटीव्हीला खांदे कुठे असतात हा प्रश्न कंपनीला पडला असता, मामांना पडला नाही. हँडलच्या खाली दोन्हीकडे त्यांनी हळद लावली, डब्यातलं नवंकोरं ऑइल चोळचोळ चोळलं, उरलेलं बैलांच्या शिंगांना लावलं, आणि हात जोडून रीतसर म्हणाले, “आज आवतन घे बाई, उद्या जेवाले ये.”

इंजिनच्या पोटात एक थेंब गेला नाही. बैलांची शिंगं मात्र अशी चमकली की दोन गावांतले लोक पाहायला आले.

दुसऱ्या दिवशी, ऐन पोळ्यात, शेठजी फेटा बांधून एटीबाईवर बसले. ढोल वाजत होते. बैलांसाठी बांधलेल्या तोरणाच्या बरोबर खाली इंजिननं घशातून ‘कर्र’ असा आवाज काढला आणि गाडी थिजली. शेठजींना वाटलं ती तोरणाचा मान ठेवून थांबली. त्यांनी नमस्कार केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, बैल बाजूनं निघून गेले. ढकलत आणताना शेठजी म्हणाले, “उद्या तान्ह्या पोळ्याले माझी नात गुड्डी हिच्यावरच बसून येईन. तिचा लाकडाचा बैल समोर ठेवू. कमलेश, पाहून घेजो थोडं.”

थोडं! हेड उघडलं तर झडपा हलवणारा कॅमशाफ्ट कुत्र्यानं रात्रभर चघळल्यासारखा. सिलिंडरमध्ये पिस्टन असा चिकटला होता की जणू दोघांचं लग्न लागलंय आणि आता कायदाही काही करू शकत नाही. लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू ठोकून सोडवला, तर त्याच्या अंगावर उभे ओरखडे. मग कमलेशनं श्वास धरून पिस्टनखालचा कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहिला. तो हलला असता तर खालचं इंजिनही गेलं होतं, म्हणजे फुल इंजिन, म्हणजे काम थेट दिवाळीपर्यंत. रॉड हलला नाही. काम हाफ इंजिनवर, म्हणजे वरच्या अर्ध्यावरच, भागणार होतं. एटीबाईचं पोट एका जुन्या मोटरसायकलच्याच मापाचं असल्यानं साकोलीच्या स्पेअर पार्टवाल्या कुलदीपनं सणाच्या दिवशी शटर अर्धं वर करून ब्लॉक-पिस्टनची, म्हणजे सिलिंडरसकट पिस्टनची, किट आणि एक चांगला कॅमशाफ्ट खालून सरकवून दिला.

पण कमलेशची खरी अडचण किटनं सुटणारी नव्हती. गाडी चालू झाली नाही तर शेठजी विचारणार, ‘काहून?’ या प्रश्नाला दोनच उत्तरं होती. ‘मामाजीनं तेल टाकलं नाही’ म्हटलं की मामांचं इथलं राहणं गेलं, आणि ज्यानं सासऱ्याला घराबाहेर काढलं त्याला मुलगी कोण देणार? ‘मी तेल टाकलं नाही’ म्हटलं की हाताचं यश गेलं, आणि यशाशिवाय त्याच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं. दोन्ही रस्ते चंदापासून लांब जात होते.

“जवाई,” मामा शेजारी उकिडवे बसून म्हणाले, “तुमी परवा सांगतलं तसं म्या तेल देल्लं होतं बरं. चांगलं चोळून देल्लं. मंग हे काहून झालं?”

“होते जी मामाजी कधी कधी.” कमलेश पिस्टनवरचा बाण पुन्हा पुन्हा पाहत होता. तो बाण योग्य दिशेला होता. तरी त्यानं आणखी एकदा पाहिला.

“कंपनीचा फॉल्ट असंन.”

“असंन जी.”

पिस्टनच्या रिंगांची तोंडं एकमेकींपासून लांब वळवली. नवा ब्लॉक बसवला. टायमिंगचा ठिपका खुणेला लावला. हेडचे नट आडवे-तिडवे, थोडे थोडे कसले. मग पोटात नवं ऑइल ओतलं, मामांच्या समोर, बोट दाखवत, “इथं, मामाजी. याच्या तोंडातून आतमंधी.”

“मले माहीत हाय ना तोंड,” मामा दुखावून म्हणाले.

कमलेशनं तेव्हा हे वाक्य नीट ऐकायला हवं होतं.

गाडी एकदम चालू करायची नसते. त्यानं प्लग काढला, हेडचा एक बोल्ट सैल केला, आणि बटण दाबून इंजिन नुसतंच फिरवलं. पंपानं ऑइल वर ढकललं की बोल्टपाशी ओल येणार. ती आली की कॅमशाफ्टपर्यंत तेल पोचलं, जीव वाचला. ओल आली नाही. पुन्हा फिरवलं. बोल्ट कोरडा. कमलेशच्या कपाळावर मात्र भरपूर ओल आली. असंच चालू केलं असतं तर नवा कॅमशाफ्टही जुन्याच्या वाटेनं गेला असता.

बांधावर शेठजींच्या जीपचा हॉर्न वाजला.

“तेल वर येऊन नाही राहिलं,” कमलेश स्वतःशीच पुटपुटला.

“पोट भरलं असंन,” मामा म्हणाले. “काल जेवली ना ते.”

कमलेशनं बटणावरचं बोट काढलं. पांढऱ्या बैलानंही रवंथ थांबवला.

“काय जेवली जी?”

“पुरणपोळी. म्हनलं तोरणात जायच्या आधी घास देऊ. तोंड लहान हाय तिचं, तं तुकडे करून देल्ली.”

आतून मामांची बायको रुखमामामी ओरडली, “तरी मी म्हनलं, एक पोळी कुठं गेली! तुमाले काही अक्कल हाय का जी? मशीनले पोळी चारते का कोनी?”

“आवतन देऊन उपाशी ठेवू का मंग?” मामा उसळले. “आपल्या घरात असं कधी झालं नाई!”

कमलेशनं इंजिनचं उजवं झाकण उघडलं आणि तेल गाळणारी खालची जाळी ओढून काढली. जाळी पुरणानं लिंपलेली होती. इलायचीचा वास आला. एवढ्या वर्षांच्या गॅरेजात त्यानं जाळीत कचरा पाहिला होता, पत्र्याचा चुरा पाहिला होता, एकदा झुरळ पाहिलं होतं. सणाचं जेवण पहिल्यांदाच. त्यानं जाळी धुतली, पोट डिझेलनं खंगाळलं, झाकण लावलं, ऑइल भरलं. झाकण लावताना एक बोल्ट चंदानं येऊन धरला.

“शेठजी फाटकात आले,” ती म्हणाली. “विचारतीन.”

“काय सांगू?”

चंदानं बापाकडे पाहिलं. जाळीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “खरं सांगजा. पन हाफ.”

कमलेशनं बटण दाबलं. एकदा. दोनदा. बोल्टपाशी एक सोनेरी थेंब आला, थांबला, आणि घरंगळला. कमलेशला रडू आलं, पण ते ऑइल असल्यासारखं त्यानं पुसलं. बोल्ट कसला, प्लग लावला, पुन्हा दाबलं. पुढचं आपल्याला माहीत नाही असं ठरलंय. धूर सभ्य होता एवढंच.

शेठजी गुड्डीला कडेवर घेऊन दारात उभे होते. “वा! पन बंद काहून पडली होती रे?”

मामा ताठ झाले. चंदानं ओढणीचं टोक मुठीत धरलं.

“शेठजी,” कमलेश म्हणाला, “पोळ्याच्या दिवशी जुंपली ना तिले.”

शेठजींचा चेहरा उतरला. त्यांच्या सात पिढ्यांत पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवलं नव्हतं, आणि ते स्वतः फेटा बांधून खांदशेकणी झालेल्या जनावरावर बसले होते. त्यांनी दोन्ही कान पकडले.

“माझ्याच हातून झालं हे! पुढच्या वर्षी असं नोको. कागदोपत्री करू. अर्ज लिही रे कमलेश.”

“मी?”

“मंग कोन?” मामा छाती काढून म्हणाले. “हाताले यश हाय माझ्या जवायाच्या.”

गुड्डीचा लाकडी बैल एटीबाईच्या सीटवर बांधला गेला आणि कमलेशनं, बोटांचं ऑइल कागदाला लागू न देता, लिहिलं:

प्रति,
मा. तालुका पशुधन अधिकारी व मा. परिवहन अधिकारी (संयुक्त)

विषय: चारचाकी वाहनास बैलाचा दर्जा मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये विनंती की, अर्जदाराच्या मालकीच्या एटीबाई (लिंग: प्रलंबित) या वाहनाची खांदशेकणी रीतसर झाली असून आवतनही देण्यात आले आहे. तरी तिचा समावेश ‘बैल’ या प्रवर्गात करून पोळ्याच्या दिवशी तिला भरपगारी रजा मंजूर करावी, आणि पुरणपोळी पचेल असे इंजिन शासकीय खर्चाने बसवून मिळावे, ही नम्र विनंती.

सोबत: पुरणपोळी, एक (वापरलेली).