कळसाला सरळ प्रदक्षिणा

सुनीती आगाशे हेलिकॉप्टर उडवते असं कुणी सांगितलं की ऐकणारा आधी हसायचा आणि मग तिच्या नवऱ्याकडे बघायचा. जणू खरं काय ते तोच सांगणार. श्यामही खुशाल सांगायचा, "उडवते म्हणजे, मदत करते." हे वाक्य सुनीतीने इतक्यांदा ऐकलं होतं की आताशा ती त्यावर काही बोलत नसे. बोलत नसे म्हणजे तिने ते पचवलं होतं, असं मात्र कुणी समजू नये.

हेलिकॉप्टर म्हणजे माणसं बसतात ते नव्हे. रिमोटवर उडणारं, शेपटीसकट एखाद्या सायकलीएवढं, पोटाखाली कॅमेरा बांधलेलं. आज कुठल्याही लग्नात ड्रोन भणभणत डोक्यावर येतो आणि भटजींचं उपरणं उडवून जातो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण ही गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची आहे. तेव्हा पुण्यात असं यंत्र बाळगणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि ते न आपटता उडवणारे त्याहून कमी. त्या यंत्राला स्वतःची म्हणून काही अक्कल नव्हती. हातातल्या दांड्या सोडल्या की ते हवेत स्थिर उभं राहत नसे, सरळ जमिनीचा रस्ता धरत असे.

ते श्यामने स्वतः जुळवलेलं होतं. पिंपरीच्या एका कारखान्यात नोकरी करता करता त्याने हा नाद लावून घेतला आणि निवृत्तीनंतर त्याचा धंदा केला. बिल्डरांना प्लॉटचे वरून फोटो हवे असत, कॉलेजांना जाहिरातीसाठी व्हिडिओ. कामाची पद्धत ठरलेली होती. एकाने यंत्र उडवायचं, दुसऱ्याने हातातल्या छोट्या पडद्यावर कॅमेऱ्याला काय दिसतंय ते बघायचं. उडवणाऱ्याने चित्राकडे ढुंकूनही बघायचं नाही आणि चित्र बघणाऱ्याने आकाशाकडे. श्याम उडवायचा, सुनीती पडदा सांभाळायची. टेलिफोन खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर तिलाही यात मजा वाटू लागली होती.

मग श्यामचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आता याची सवय करून घ्या असं सांगितलं. एवढंएवढंसं दांडकं केसभर हलवायचं काम, तिथे थरथरता हात काय कामाचा? एक दिवस वाकडेवाडीच्या एका गच्चीवर यंत्र पाण्याच्या टाकीला घासून गेलं, तेव्हा श्यामने ते गपचूप खोक्यात भरलं. दुसऱ्या दिवशी सुनीती म्हणाली, "मला शिकवा."

त्याने शिकवलं. विश्रांतवाडीच्या पलीकडच्या मोकळ्या माळावर रोज पहाटे. शिक्षक म्हणून तो वाईटच होता. "अगं, हेलिकॉप्टर आहे ते, पोळी नाही. असं उलथू नकोस," हे त्याचं रोजचं. "पोळी उलथायलाही हात स्थिर लागतो," असं ती एकदा बोलून गेली आणि बोलल्याबरोबर तिला स्वतःचा राग आला. श्यामने मात्र मान डोलावली. "खरंय," म्हणाला, "मीच सकाळचा नाश्ता बनवायचं सोडून दिलं पाहिजे."

वर्ष-दीड वर्षात ती छान उडवू लागली, पण माळावर. लोकांसमोर यंत्र न्यायची वेळ आली की श्याम काम नाकारायचा. तिच्यावर भरवसा नव्हता असं नाही. आपलं यंत्र आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या हातून मोडलेलं त्याला बघवलं नसतं. शेवटी त्याने विकायचं ठरवलं. जयसिंग नावाचा लग्नाचं शूटिंग करणारा तरुण केव्हाचा मागे लागला होता. वाघोलीच्या पुढच्या एका गावातलं काम मात्र त्याला नाकारता आलं नव्हतं, तेवढं झालं की जयसिंगने तिथूनच यंत्र घेऊन जायचं, असं ठरलं.

सुनीतीने ते ऐकून घेतलं आणि कांदा चिरता चिरता म्हणाली, "त्या कामावर यंत्र मी उडवणार. नीट पार पडलं तर यंत्र घरीच राहील."

"आणि नाही पडलं तर?"

"तर जयसिंगला तुकडे मिळतील. थोडं स्वस्त पडेल त्याला."

श्याम "बरं" म्हणाला. पुण्यात एवढं म्हटलं की करार झाला.

काम होतं कलशारोहणाचं. गावातल्या भैरवनाथाच्या देवळाला नवं शिखर बांधलं होतं, पांढरंशुभ्र, चांगलं चार मजली घराएवढं उंच. त्यावर पितळी कळस चढणार होता. देवस्थान कमिटीचे अध्यक्ष हिंदुराव यांची निम्मी जमीन बिल्डरांकडे गेली होती आणि उरलेल्या निम्म्याकडे बिल्डर डोळे लावून बसले होते. त्यामुळे शिखर दणक्यात झालं होतं. पोलिसांपासून वरपर्यंतच्या परवानग्या सुनीतीने हेलपाटे घालून मिळवल्या होत्या.

सकाळी देवळासमोरच्या शाळेच्या गच्चीवर यंत्र चढवलं, तेव्हा हिंदुराव भगवा फेटा सावरत वर आले.

"सर उडवणार न्हवं?"

"सर कॅमेऱ्यावर आहेत. मी उडवणार आहे," सुनीती म्हणाली.

हिंदुरावांनी श्यामकडे बघितलं. श्यामने आकाशाकडे बघितलं.

"न्हाई, म्हंजे ताई, आमच्या डोक्यावर पडलं तर?"

"तुमच्या डोक्यावर फेटा आहे. मला तर यंत्राची काळजी वाटते."

हिंदुराव खो खो हसले. तरी सुनीतीने त्यांना बजावून सांगितलं, फटाके नकोत, फुगे नकोत, शिखराभोवतीच्या बांबूंच्या परांचीवर चढणाऱ्या माणसांनी यंत्राच्या दिशेने हात करायचे नाहीत, काही फेकायचं नाही. त्यांनी सगळं कबूल केलं. त्यांच्यामागून त्यांची आई तुळजाबाई धापा टाकत जिना चढून आली. हातात हळदकुंकवाचं ताट. यंत्राची पूजा झालीच पाहिजे, असं तिचं म्हणणं. पंख्यांना हार घालायला निघालेल्या तुळजाबाईला सुनीतीने कसंबसं थांबवलं आणि खालच्या पायांना कुंकू लावू दिलं.

कुंकू लावता लावता म्हातारी म्हणाली, "फेरी सरळ घालशील न्हवं माझ्या देवाला? उलटी चालायची न्हाई."

सुनीतीने चमकून श्यामकडे पाहिलं. कळसाकडे तोंड ठेवून यंत्र आडवं सरकवत त्याच्याभोवती पूर्ण चक्कर मारायची, हे या कामातलं मुख्य दृश्य. त्याचा सराव तिने महिनाभर माळावरच्या एका बाभळीभोवती केला होता. पण नेहमी उजव्या अंगाला सरकत. श्यामला ते सोपं जायचं, म्हणून त्याने तसंच शिकवलं होतं. उजवीकडे सरकलं की फेरी उलटी पडते. देवळात सगळं जग ज्या दिशेने फिरतं, त्याच्या बरोबर विरुद्ध. जन्मभर प्रदक्षिणा घातलेल्या दोन शहाण्या माणसांच्या हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

"फिरूच नकोस," श्याम हळूच म्हणाला. "समोर उभं ठेव, मी कॅमेरा वरखाली करतो. त्यांना मी समजावतो."

तसं केलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. तुळजाबाईसुद्धा नाही. पण सुनीतीला त्याच्या आवाजात सुटका ऐकू आली आणि तिला ते मनापासून झोंबलं. ती यंत्र घेऊन शाळेच्या मागच्या मैदानावर गेली आणि तिथल्या ध्वजस्तंभाला डाव्या अंगाला सरकत फेऱ्या घालू लागली. पहिली फेरी बटाट्यासारखी वेडीवाकडी झाली. दुसरीत यंत्र हिसके खात होतं. टाकीतलं इंधन संपत आलं तेव्हा कुठे फेरीला फेरीचा आकार आला. श्याम बाजूला उभा राहून बघत होता. त्याने एकही सूचना केली नाही. त्याच्याकडून ही मोठीच गोष्ट होती.

यंत्र इंधन भरून पुन्हा गच्चीवर आणलं आणि मुहूर्ताची वेळ झाली. ढोल-ताशे सुरू झाले. देवळाचं अंगण, आजूबाजूच्या गच्च्या, झाडं, सगळीकडे माणसंच माणसं. परांचीवर पुजारी, हिंदुराव आणि दोन गवंडी दोरीने वर आलेला कळस हाताने सावरत होते. सुनीतीने इंजिन चालू केलं. यंत्र गच्चीवरून उठलं, रस्ता ओलांडून शिखराच्या समोर जाऊन थांबलं. खालच्या गर्दीतून मोठा हुंकार आला. सुनीतीला तो ऐकू आला आणि लगेच ऐकू येईनासा झाला. तिला आता फक्त यंत्र दिसत होतं.

"चित्र सुरेख आहे," पडद्यात डोकं घालून श्याम म्हणाला. "चल."

तिने दांडी जराशी डावीकडे कलवली. यंत्र सरकू लागलं. पाव फेरी झाली. अर्धी झाली. यंत्र शिखराच्या पलीकडे पोचलं, आता त्याचं तोंड कळसाकडे, म्हणजे तिच्याकडे होतं. हीच अवघड जागा. तोंड आपल्याकडे असलं की सगळं उलटं होतं. दांडी डावीकडे कलवावी तर यंत्र आपल्या उजव्या हाताला जातं. हे डोक्यात पक्कं नसेल तर हात चुकीची दुरुस्ती करतो आणि खेळ तिथेच संपतो.

नेमका तेव्हाच कळस बसला. "भैरवनाथाच्या नावानं चांगभलं" असा गजर झाला आणि परांचीवरच्या गवंड्यांनी गुलालाची दोन पोती आकाशात रिकामी केली. त्यांची काही चूक नव्हती. गुलाल उधळणं म्हणजे काही फेकणं, असं त्यांच्या मनातही आलं नसेल. सुनीतीनेच ते सांगायला हवं होतं. लहानपणापासून दर विसर्जनाला मंडईच्या कोपऱ्यावर उभी राहून नखशिखांत गुलाबी होऊन घरी येणारी ती, तिने फटाके सांगितले, फुगे सांगितले आणि गुलाल विसरली.

यंत्राच्या पंख्याने तो गुलाल स्वतःभोवती ओढून घेतला. पाहता पाहता शिखरामागे एक गुलाबी ढग तयार झाला आणि हेलिकॉप्टर त्यात दिसेनासं झालं. आवाज येत होता. मधेच एक काळपट सावली दिसत होती. पण त्या सावलीचं तोंड कुठे आणि शेपटी कुठे, काही कळेना. वाऱ्याने वळलं असेल? वळलं असेल तर डावीकडे कलवलेली दांडी त्याला थेट परांचीवर नेणार होती. तिथे चार माणसं उभी होती.

सुनीती रडायच्या बेतात होती. हात मात्र जागेवर होते.

"अहो," ती म्हणाली, "मला दिसत नाहीये. तोंड कुठे आहे?"

श्यामच्या पडद्यावरही गुलाबी धूर होता. त्याने डोळे बारीक केले. धूर एका ठिकाणी फाटला.

"आपण दिसतोय," तो म्हणाला. "गच्चीवर. तू आणि मी. तुझी हिरवी साडी अगदी मधोमध आहे. तोंड आपल्याकडेच आहे, सुनीती. वळलेलं नाही. आणि मधे काही नाही, कळस खाली आहे."

"नक्की?"

"मी मला बघतोय. नक्की."

तिने एकदाही यंत्र शोधायचा प्रयत्न केला नाही. थोडी उंची दिली आणि दांडी पुन्हा डावीकडे कलवली, सावकाश, मघाशी ध्वजस्तंभाभोवती कलवली होती तितकीच. ढगाच्या उजव्या कडेतून आधी पंखा बाहेर आला, मग कुंकू लावलेले पाय, मग आख्खं यंत्र, डोक्यापासून शेपटीपर्यंत गुलालात न्हालेलं. तोंड कळसाकडे. ते तसंच सरकत उरलेली फेरी पुरी करून आरंभाच्या जागी येऊन थांबलं. फेरी सरळ पडली. पुरी झाली.

खाली जो काही आवाज झाला तो ढोलांच्या वर गेला. फेटे उडाले. परांचीवर हिंदुराव लहान मुलासारखे उड्या मारत होते आणि पुजारी त्यांचं धोतर धरून त्यांना आवरत होता. सुनीतीने यंत्र गच्चीवर अलगद उतरवलं आणि इंजिन बंद केलं. ती तिथेच कठड्याला टेकून बसली. आनंदाने तिचा ऊर भरून आला होता आणि तो लपवायची तिला अजिबात इच्छा नव्हती.

दुपारी मांडवात टीव्ही लावून चित्रण दाखवलं. गुलालाचा ढग फाटतो आणि त्यातून उन्हात झळाळणारा कळस वर येतो, त्या ठिकाणी तुळजाबाईने टीव्हीलाच हात जोडले. मग लोकांना आपापली घरं दिसू लागली. आमची गच्ची, आमचा गोठा, ती बघ आमची विहीर, असा एकच कल्ला. चित्रण पुन्हा लावावं लागलं आणि मग पुन्हा.

जयसिंग गर्दीतून वाट काढत आला. डोळे मोठे झालेले. तो सरळ श्यामपाशी गेला. "सर, मानलं तुम्हाला. असला शॉट मी अख्ख्या करिअरमध्ये पाहिला नाही. गाडी लावलीये मागे. घेऊ ना मशीन?"

श्याम जिलबी खात होता. थरथरत्या हाताने त्याने उरलेला तुकडा नीट तोंडात टाकला, बोटं पुसली आणि म्हणाला, "मला काय विचारतोस? त्या बाईंना विचार. हेलिकॉप्टर त्यांचं आहे. मी त्यांचा कॅमेरावाला."

जयसिंग वळला. आजूबाजूचे चार लोकही वळले. सुनीतीच्या केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर यंत्राने उतरताना उडवलेला गुलाल होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो दुसरी जिलबी उचलण्यात गर्क असल्यासारखं करत होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

"विकायचं नाही," ती जयसिंगला म्हणाली. "तुझ्याकडच्या लग्नांच्या तारखा सांग. आम्ही दोघं येऊ."