तबकडीवरचं खोबरेल

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू बहुधा मोडक्या असतात. कुणी माळ्यावर पडून असतं, कुणी भंगाराच्या वाटेला लागलेलं असतं. मला ती सवलत नाही. मी एक सायकल आहे, चार पावसाळे पाहिलेली आणि अजून रोजच्या कामावर असलेली. तरी माझी कहाणी सांगायला बसले आहे. कारण एका रविवारी सकाळी माझ्यावर बसलेला एक भला माणूस हातपाय मोडून घेणार होता, आणि ही गोष्ट साऱ्या गावात फक्त मला ठाऊक होती.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे मला उंच सांगाडा मिळाला, आणि एकोणतीस इंची दोन चाकं. पुढच्या चाकाला धक्के सोसणारी स्प्रिंग आहे. मागे काहीच नाही. मागचे धक्के बसणाऱ्याने आपले आपण सोसायचे. अशा सायकलीला हार्डटेल म्हणतात. मागच्या चाकावर साधं मडगार्डसुद्धा नाही. या उणिवेबद्दल मी पुष्कळ टोमणे ऐकले. पुढे तीच कामाला आली.

माझे ब्रेकही वेगळे. जुन्या सायकलींचे ब्रेक चाकाची कड चिमटीत धरतात. माझ्या चाकांच्या मध्यभागी एकेक पोलादी तबकडी आहे. ब्रेक दाबला की दोन छोटे ठोकळे त्या तबकडीला दोन्हीकडून आवळतात आणि मी थांबते. तबकडीचं पथ्य एकच : ती कोरडी हवी.

पनवेलच्या दुकानातून मला सम्यक मास्तरांनी आणलं. आगरदांड्याच्या जेटीमागे एक टेकडी आहे. टेकडीच्या अलीकडे त्यांचं घर, पलीकडच्या वाडीत त्यांची शाळा. पहिल्या दिवशी मला बघायला निम्मी आळी जमली होती.

"मास्तर, ही सायकल हाय का बैलगाडी?"

"चाकं एवढी मोठी, मग बैल कुठं हाय?"

"बैल वर बसणार हाय ना!"

मास्तर हसले. मीही हसले असते. पण महिन्याभरात टोमणे थांबले. टेकडीवरच्या जांभ्या दगडाच्या वाटेवर जिथे लहान चाकांच्या सायकली अडखळत, तिथे मी दगडांवरून अशी जायचे की जणू दगड नाहीतच. लोक म्हणायचे, "मास्तरांची गाडी थांबत न्हाय हां कशाला." हे कौतुक मी मनापासून ऐकत असे. त्या रविवारी ते फारच खरं ठरलं.

आता मास्तरांच्या आईबद्दल सांगितलं पाहिजे. गोदूबाई. खाडीवरचा खारा वारा लोखंड खातो, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. गोदूबाईंनी ते मनावर घेतलं होतं. कोयता, विळी, दाराच्या बिजागऱ्या, कुलूप, शिवणयंत्र, छत्रीच्या काड्या, त्यांच्या घरात लोखंडाची अशी वस्तू नव्हती जिला आठवड्यातून एकदा खोबरेल लागत नसे. पाहुण्यांच्या मोटारसायकलीसुद्धा सुटत नसत. लोक हसायचे. पण त्यामागे एक कारण होतं. त्यांचे यजमान भिकू तरुणपणी एका जुन्या सायकलवरून पडले होते. ब्रेकची सळई गंजून तुटली होती. मोडलेला पाय नीट जुळला नाही आणि भिकू पुढची तीस वर्षं लंगडत चालले. ते गेले त्यालाही आता सहा वर्षं झाली. गोदूबाईंनी मनाशी ठरवलं होतं, या घरात पुन्हा काही गंजायचं नाही.

माझ्या वाट्याला मात्र त्यांचा हात कधी आला नव्हता. माझं सगळं मास्तर स्वतः बघायचे.

त्या शनिवारी संध्याकाळी मास्तरांनी मला पाईप लावून धुतलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा बालमित्र विनेश मला चालवून बघायला येणार होता. विनेश जेटीवर कामाला. पलीकडच्या दिघीहून फेरीबोट आली की तिचे दोर बांधायचे आणि निघाली की सोडायचे. डॉक्टरांनी त्याला रक्तात साखर वाढल्याचं सांगितलं होतं आणि सायकल चालव म्हणून बजावलं होतं. त्याची बायको गौरी म्हणाली होती, "घ्यायच्या आधी मित्राची चालवून बघा. उगाच घरात आणून तिच्यावर टॉवेल वाळत घालाल."

मास्तर मला अंगणात उभी करून आत गेले. पाण्याने माझ्या तबकड्यांवर तांबूस झाक आली होती. तसं नेहमीच होतं. दोनदा ब्रेक दाबला की ती निघून जाते. पण त्याच वेळी गोदूबाई तुळशीपाशी वाळत घातलेले कपडे काढायला आल्या. त्यांनी झाक पाहिली. त्या थबकल्या.

"अगो बाय, ही तर गंजाय लागली."

त्या आत गेल्या आणि बाटली व फडकं घेऊन आल्या. मला बोलता येत असतं तर मी किंचाळले असते. मला एक घंटी आहे, पण ती दुसऱ्याने वाजवावी लागते. गोदूबाईंनी पुढची तबकडी पुसून काढली, दोन्ही बाजूंनी, मायेने. मग मागची. फडकं आत शिरेना तेव्हा त्यांनी बोटाने ते ठोकळ्यांपर्यंत नेलं. शेवटी माझ्या सीटवर थोपटून म्हणाल्या, "आता बघ कशी पळशील."

ती रात्र मी कशी काढली, ते माझं मलाच ठाऊक.

सकाळी विनेश आला. अंगात बनियन, खाली हाफ पँट, पायात निळी रबरी चप्पल. हसला की वरच्या ओळीतले दोन दात नसल्याचं दिसायचं.

"चप्पल घालून आलास?" मास्तर म्हणाले. "बूट घाल रे. हे घे हेल्मेट."

"बूट लग्नातले हायत, सम्या. टोपी दे."

हेल्मेट त्याच्या डोक्यावर नारळावर वाटी ठेवल्यासारखं बसलं. त्याने अंगणात एक फेरी मारली आणि ब्रेक दाबला. ठोकळे तबकडीवर आले आणि घसरून गेले. मी थांबले नाही. विनेशने पाय टेकले तेव्हा थांबले.

आता कळेल, मी म्हटलं. आता तरी कळेल!

"ब्रेक लय मऊ हाय रे," विनेश म्हणाला. "लोण्यासारखा."

मास्तरांची छाती फुगली. "डिस्क आहे, डिस्क. दोन बोटांनी दाबायचा. तुझ्या जुन्या सायकलीसारखा खडाखडा थोडाच लागणार!"

"मस्त हाय."

मित्रांनो, माझ्या कौतुकाचा मला एवढा राग कधी आला नव्हता.

आम्ही टेकडी चढलो. विनेश माझ्यावर, मास्तर मागून स्कूटरवर. चढावर ब्रेकला कोण विचारतो? विनेश धापा टाकत होता आणि मी प्रार्थना करत होते की त्याने इथेच दमावं, उतरावं, मला हाताने ढकलत घरी न्यावं. दोनदा तो थांबला. दोनदा मास्तरांनी त्याला धीर दिला. शिक्षक माणूस, धीर देण्याची सवय.

माथ्यावरून खाडी दिसते. दिघीहून फेरीबोट निघाली होती. आमच्या बाजूला सिमेंटचा उतार पाण्यात शिरतो, बोट तिथेच टेकते. उतारापाशी गाड्यांची रांग लागली होती. टेकडीवरून निघालेली मुरमाची वाट दोन वळणं घेऊन थेट त्या रांगेच्या शेजारी उतरते.

"मी डांबरी रस्त्याने येतो," मास्तर म्हणाले. "तू वाटेने ये. गाडीची खरी मजा उतारावर."

"पडलो तर?"

"ब्रेक आहेत ना!"

विनेशने मला सोडलं.

पहिले पन्नास हात तो खुशीत ओरडत होता. दगड येत होते, माझी चाकं त्यांवरून जात होती. मग पहिलं वळण दिसलं आणि त्याने दोन बोटांनी ब्रेक दाबला. मग चार बोटांनी. मग दोन्ही मुठी आवळून. ठोकळे तबकड्यांवर तेलात न्हाऊन सरकत होते, आणि मी वेग घेत होते. लहान चाकांची सायकल असती तर एखाद्या दगडाने तिला अडवलं तरी असतं. मला दगड अडवत नाहीत. चार वर्षं ज्या गुणाचं कौतुक ऐकलं, तोच गुण आता आम्हाला खाली नेत होता.

पहिलं वळण आम्ही कसं घेतलं, मला माहीत नाही. करवंदाच्या जाळीने विनेशचा दंड ओरबाडला.

"थांब गो! थांब!" तो मला म्हणाला. मला! जणू माझ्या हातात होतं.

दुसऱ्या वळणानंतर वाट सरळ होती आणि तिच्या टोकाला जेटी. बर्फाचा टेम्पो आडवा उभा होता. एक बाई टोपली घेऊन चालली होती. विनेशने घंटी वाजवायला घेतली आणि ती वाजवतच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज माझ्या मनासारखा वाजत होता. बाईने वळून पाहिलं आणि टोपलीसकट बांधावर उडी मारली.

मग विनेशने उजवा पाय पेडलवरून काढला.

मला वाटलं, पुढच्या चाकाला लावणार. पुढचं चाक धावत असताना त्यात पाय गेला तर चाक जागीच अडतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. विनेशचा पाय क्षणभर पुढे आला. तिथेच थांबला. त्याची जीभ मोकळ्या हिरडीवर फिरली असावी, कारण ते दोन दात त्याने वयाच्या अकराव्या वर्षी असेच घालवले होते, बापाच्या बिनब्रेकच्या सायकलवर. पाय मागे गेला. जिथे मडगार्ड नाही, स्प्रिंग नाही, काहीच नाही, तिथे त्याने चपलेचा तळ माझ्या मागच्या टायरवर टेकवला आणि सगळा भार दिला.

टायरला खडबडीत गुठळ्या आहेत. त्या चपलेला खाऊ लागल्या. रबराचा जळका वास सुटला. निळे तुकडे उडू लागले. मी थोडी मंदावले. टेम्पो डाव्या हाताला निघून गेला, एका वितीने. सिमेंटचा उतार लागला. चप्पल संपली आणि टाच लागली. विनेश ओरडला, पण त्याने पाय काढला नाही.

मी थांबले तेव्हा माझं पुढचं चाक निम्मं पाण्यात होतं. समोर फेरीबोट येत होती. बोटीवर दोर घेऊन उभा असलेला धर्मा, विनेशचा जोडीदार, खाली वाकून बघत होता.

"विन्या," तो म्हणाला, "आज तुझी सुट्टी हाय ना?"

मास्तर धावत आले. त्यांनी विनेशच्या टाचेला रुमाल बांधला. मग तबकडीवर बोट फिरवलं आणि नाकाला लावलं. विनेशनेही वास घेतला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मावशीला सांगू नको," विनेश म्हणाला.

"सांगायला नको? उद्या मीच शाळेत जाणार होतो हिच्यावरून."

"भिकूकाकांचं तुला म्हायती हाय ना? मग. तिला झोप लागायची न्हाय सम्या. आपण गुपचूप पुसू."

मास्तरांनी स्कूटर विनेशला दिली आणि स्वतः मला हातात धरून चालत घरी आणलं.

गोदूबाई पायरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विनेशच्या एका चपलेकडे पाहिलं, मग रुमालाकडे.

"दुसरी कुठं हाय?"

"खाडीत व्हावून गेली, मावशी."

"आणि टाच?"

"तीपण जात होती. धरून आणली."

गोदूबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या आणि माझ्या मागच्या चाकाशी बसल्या. गुठळ्यांच्या मध्ये निळं रबर अडकलं होतं. भिकूंची बायको होत्या त्या. चाकाला पाय लावून सायकल थांबवणारी माणसं त्यांनी उभं आयुष्य पाहिली होती.

"ब्रेक असून पाय का लावलास?"

विनेशने मास्तरांकडे पाहिलं.

"सम्या?"

"तबकडीला थोडं तेल लागलं होतं, आये."

त्यांनी तबकडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडे.

"लागलं न्हाय," त्या म्हणाल्या. "मी लावलं."

त्या आत निघून गेल्या. दुपारी त्यांनी जेवण वाढलं, स्वतः घेतलं नाही. बाटली फळीवरून नाहीशी झाली. त्या आठवड्यात घरातल्या कुठल्याच वस्तूला तेल लागलं नाही. दाराची बिजागरी कुरकुरायला लागली.

मास्तरांनी माझे ठोकळे बदलले आणि तबकड्या स्पिरिटने चार चार वेळा पुसल्या. पुढच्या रविवारी त्यांनी आईला अंगणात बोलावलं. बाटली कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं. ती जळणाच्या मागे होती. ती त्यांनी आईच्या हातात दिली.

"मला न्हाय लावायचं," गोदूबाई म्हणाल्या.

"चेन कोरडी आहे, आये. चेन गंजली तर तुटते. आणि तुटली तर मी पडेन." त्यांनी आईचं बोट धरून माझ्या चेनवर ठेवलं. "इथं लाव. इथं हवंच आहे."

गोदूबाईंनी बाटलीचं बूच काढलं. मग त्यांनी एका एका कडीला थेंब थेंब तेल दिलं. तबकडीपाशी आल्यावर हात मागे घेतला आणि विचारलं, "इथं?"

"इथं नको."

"बरं."

मित्रांनो, आम्हा वस्तूंना माया हवी असते, नाही असं नाही. कोपऱ्यात पडून गंजणं वाईटच. पण आमच्या अंगावर हात फिरवण्याआधी "इथं लावू का?" एवढं एकदा विचारा. आम्हाला उत्तर देता येत नाही, तेव्हा ज्याला आमची माहिती आहे त्याला विचारा. त्याने तुमची माया कमी होत नाही, आणि कुणाची टाच वाचते.

त्या दिवशी विनेश पुन्हा आला. या वेळी बूट घालून, लग्नातले. माझ्यावर बसणार एवढ्यात गोदूबाईंनी त्याला हटकलं. त्यांनी दोन्ही ब्रेक दाबून मला पुढे ढकललं. मी हलले नाही. आणखी जोर लावला. मी तसूभरही हलले नाही. आजही त्या ढकलल्याशिवाय कुणाला माझ्यावर बसू देत नाहीत, मास्तरांनासुद्धा नाही.

"जा," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर विनेशच्या बुटांवर गेली. चामडं पार सुकलं होतं. त्यांनी हातातल्या बाटलीकडे पाहिलं.

"वरून लावू का रे? का तळालापण?"

"मावशी!" विनेश दोन पावलं मागे सरकला.

गोदूबाई त्या आठवड्यात पहिल्यांदा हसल्या. "म्हणून तर इचारलं," त्या म्हणाल्या.