पांढऱ्या बुटांविरुद्ध एका स्कूटरची तक्रार

सन १९७३ च्या विजयादशमीस, सकाळच्या प्रहरी, कोल्हापूर शहरातील शिवाजी पेठेत, कोर्टाचे शिरस्तेदार दत्तोपंत कागलकर यांच्या दारात माझे आगमन झाले. मी एक जुनी स्कूटर आहे. त्या दिवशी अर्थातच नवी होते. माझा रंग फिकट निळा होता आणि तो आज कोणता आहे, हे मला विचारू नका.

मित्रांनो, मी जे सांगणार आहे ते तक्रारीच्या स्वरूपाचे आहे, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. माझी तक्रार पेट्रोलच्या भाववाढीविरुद्ध नाही, रस्त्यांतील खड्ड्यांविरुद्धही नाही. ती पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांविरुद्ध आहे. ऐकणारे याला मत्सर म्हणतील. म्हणोत. मत्सर वाटण्यास सबळ कारण असेल तर तो लपवण्याचे प्रयोजन मला दिसत नाही.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाला. त्या काळी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. पंतांनी नाव नोंदवले तेव्हा त्यांची कन्या नंदिनी अंगणात रांगत होती. मी घरी आले तेव्हा ती शाळेत जाऊ लागली होती. इतक्या प्रतीक्षेनंतर येणाऱ्याचे स्वागत कसे होते, याची तुम्हांला कल्पना करता येईल. पंतांच्या पत्नी सीताबाई यांनी मला हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवले. पेठेतील माणसे येऊन माझ्या आसनावरून हात फिरवून गेली. शेजारचे धान्याचे व्यापारी तात्यासो म्हणाले, “पंत, आता तुमचं पाय जमिनीला लागायचं न्हाईत बघा!”

ते शब्द अक्षरशः खरे ठरले. त्यापूर्वी पंत कोर्टात चालत जात. मी आल्यावर ते माझ्यावरून जाऊ लागले, आणि केवळ कोर्टातच नव्हे. कोपऱ्यावरच्या पानपट्टीला, चार घरे टाकून असलेल्या दत्तमंदिराला, इतकेच काय, वळणावरच्या न्हाव्याकडेही ते मला घेऊन जात. मला एका बाजूला कलंडवायचे, पुन्हा सरळ करायचे, किक मारायची, मी सुरू होते न होते तोच उतरायचे. ज्या अंतरासाठी ही खटपट, ते अंतर तेवढ्या वेळात चालून झाले असते. परंतु मी तसे कधी सुचवले नाही. ज्याला आपली गरज वाटते त्याला ती तितकी नाही हे पटवून देणे, हा कोणत्याही वाहनाचा धर्म नव्हे.

ती माझी वैभवाची वर्षे होती. पन्हाळ्याचा घाट मी पंत, सीताबाई आणि पुढे उभी असलेली नंदिनी अशा तिघांना घेऊन चढले आहे. जयसिंगपूरच्या लग्नात मांडवाच्या दारी मला उभे केले होते आणि वरातीच्या घोड्यापेक्षा माझ्याभोवती मुले अधिक होती. दर रविवारी पंत मला स्वतः धूत, मऊ फडक्याने पुसत. त्यांचे पोट या काळात कोटाच्या बटणांना आव्हान देऊ लागले होते. तो भार मी वाहत होते. मला त्याचे काही वाटत नव्हते.

पुढे आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी पंतांनी नवी कोल्हापुरी चप्पल घेतली. नवी चप्पल पहिले काही दिवस चावते आणि तेल पाजून ती मऊ करावी लागते, हे कोल्हापुरात कोणाला सांगावे लागत नाही. परंतु या वेळी ती अंगठ्याला चावली आणि पंतांना कळलेच नाही. सीताबाईंनी चपलेवर रक्त पाहिले तेव्हा जखम खोल गेली होती. ती भरेना. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मधुमेह असल्याचे सांगितले. घराच्या दर्शनी सोप्यात माझी जागा होती; तेथून मधल्या खोलीतील बोलणे स्पष्ट ऐकू येई. सीताबाई नंदिनीला सांगत होत्या, “ही जखम भरेल म्हणालेत. पण साखर उतरली नाही आणि पुढची जखम चिघळली, तर पाय काढावा लागेल.”

डॉक्टरांनी पथ्य लिहून दिले. चहातील साखर बंद, गोड पदार्थ बंद, गोळ्या चालू. आणि अंगठा बरा होताच रोज सकाळी भरभर चालणे, तेही मऊ बुटांत. अशा रीतीने तो जोड आमच्या घरात आला.

ते बूट कसे होते, याचे वर्णन मी निःपक्षपातीपणे करते. ते कापडाचे होते. त्यांना इंजीन नव्हते, दिवा नव्हता, भोंगा नव्हता. त्यांच्यासाठी कोणाला वर्षानुवर्षे थांबावे लागले नव्हते. सीताबाई महाद्वार रोडला गेल्या आणि पिशवीतून घेऊन आल्या. अशा वस्तूंना सकाळी, माझ्या आधी, धन्याच्या पायांचा मान मिळू लागला. पहाटे तात्यासो दाराशी येऊन हाक मारीत, “अहो पंत, उठलाय न्हवं? का रंकाळ्याला गाडीवर बसूनच फेरी मारायची?” पंत माझ्याशेजारच्या बाकावर बसून नाडी बांधीत, आणि दोघे निघून जात. मी सोप्यात उभी राहून त्यांच्या पावलांचा आवाज दूर जाताना ऐकत असे.

पण याहून अपमानकारक गोष्ट पुढे आहे. रविवारी ते बूट धुऊन, पांढरा खडू लावून वाळत घातले जात. आणि उन्हाची तिरीप माझ्या आसनावर येते म्हणून ते माझ्या आसनावर ठेवले जात. ज्या आसनावरून पेठेतील माणसांनी कौतुकाने हात फिरवला होता, त्या आसनावर बूट! रविवारी मला पुसण्याचा जो वेळ होता, तो आता त्यांना खडू लावण्यात जाई.

काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली आणि साखर पूर्वीपेक्षा वाढलेली निघाली. सीताबाईंचा चेहरा उतरला. पंत मात्र चिडले. कोर्टात आयुष्य गेलेला मनुष्य ज्या रीतीने चिडतो, त्या रीतीने, म्हणजे मुद्देसूद.

“मी रोज चालतो, हे सिद्ध आहे. तात्यासो साक्षीदार आहेत. घरात बिनसाखरेचा चहा पितो, याला तू साक्षीदार आहेस. तरी साखर वाढते. याचा अर्थ चालणं व्यर्थ आहे!”

त्यांनी बूट उचलले आणि माळ्यावर भिरकावले. मित्रांनो, त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. दुसऱ्या दिवशी पंत मला घेऊन कोर्टात गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेले. पानपट्टीच्या दारात मी पुन्हा उभी राहिले. मला वाटले, न्याय झाला.

तिसऱ्या दिवशी, पंत किक मारण्याच्या बेतात असतानाच, दारात चिमणाबाई आली. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर तिच्या दोन म्हशी असत. तुम्हांला ठाऊकच आहे की त्या कट्ट्यावर गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर म्हैस पिळतात आणि फेसाळते दूध तेथेच पेल्यात ओतून देतात. चिमणाबाईच्या हातात चरवी होती आणि चेहऱ्यावर काळजी.

“वयनी, पंत आजारी हायत का काय? दोन दीस कट्ट्याकडं फिरकलं न्हाईत. म्हटलं, जाऊन बघावं. हे दूध आणलंय, आत्ताच पिळलंय.”

सीताबाई बाहेर आल्या. “कट्ट्याकडं? आमचे हे?”

“तर वो! रंकाळ्याची फेरी झाली की पंत आन् तात्यासो आमच्याकडंच. दोन दोन पेलं, वर चमचाभर साखर. पंतांची म्हैस ठरल्याली हाय, दुसरीचं घेत न्हाईत.”

नंदिनी तोंडावर हात धरून हसू लागली. पंतांच्या मिशीवर रोज सकाळी दिसणाऱ्या पांढऱ्या रेघेचा अर्थ मलाही तेव्हाच उमगला. इतके दिवस मी तो बुटांच्या खडूचा डाग समजत होते. सीताबाई हसल्या नाहीत.

“घरात साखरेचा डबा मी कुलपात ठेवते, आणि तुम्ही तिकडं म्हैस ठरवून बसलाय?”

पंत मला धरूनच उभे होते. त्यांनी घसा साफ केला. “डॉक्टरांनी चहातली साखर बंद सांगितली होती. दुधाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. आणि एवढं चालून आल्यावर दूध प्यायचं नाही? तालमीतली पोरं काय पितात मग?”

“तालमीतली पोरं कुस्ती खेळतात. तुम्ही कागदावर शिक्के मारता.”

चिमणाबाईला परिस्थितीचा अंदाज आला. ती चरवी पाठीमागे धरत म्हणाली, “अगं बाई! साखरंचा रोग हाय व्हय? मला काय ठावं? मग ताक घ्या की पंत, त्यात काय पाप हाय?”

एवढ्यात तात्यासो दुकानाकडे जाताना दारात थबकले. त्यांच्याकडे पाहून सीताबाई म्हणाल्या, “तात्यासो, उद्यापासून मी यांच्याबरोबर येणार.”

“वयनी, तुम्ही?” तात्यासो हबकले. “मग आमचं कसं?”

“तुमचं तुम्ही बघा. आम्ही रंकाळ्यावरून सरळ घरी येणार.”

मग त्यांनी काठीने माळ्यावरचे बूट खाली पाडले, त्यांवरची धूळ झटकली आणि पंतांच्या पायांशी ठेवले. पंत बाकावर बसले. बुटांची नाडी हातात घेत अगदी हळू म्हणाले, “मला भीती वाटली होती गं. एवढं करूनही पाय जाणार म्हटल्यावर, मग चालायचं तरी कशाला, असं वाटलं.”

“जात नाही पाय,” सीताबाई म्हणाल्या. “उद्या लवकर उठा.”

त्या दिवशी पंत कोर्टात चालत गेले. माझी किक अर्ध्यावरच राहिली.

त्यानंतरची वर्षे मी थोडक्यात सांगते, कारण त्यांत माझा भाग थोडा आहे. नऊवारी नेसलेल्या सीताबाई आणि पांढऱ्या बुटांतले पंत रोज पहाटे निघत. आरंभी पेठेतील काही जणांनी टोमणे मारले. “पंत, वयनींनी पायात साखळी घातली काय?” पंत उत्तर देत, “साखर काढली!” थंडीत मफलर असे, पावसात छत्री असे, न जाण्याचे कारण मात्र नसे. काही काळाने साखर उतरली. जखम तर केव्हाच भरली होती. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. तात्यासोही अखेर कट्ट्यावर ताकच घेऊ लागले, निदान सीताबाईंना तसे सांगत तरी.

मला सर्वाधिक झोंबले ते एक वाक्य. एके सकाळी फिरून आल्यावर सीताबाई बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, “गाडीवर इतकी वर्षं मागं बसले, पण तिच्या आवाजात बोललेलं काही कळायचंच नाही. आता निवांत बोलणं होतं.” मी त्या दोघांना पन्हाळ्यापर्यंत नेले होते. बुटांनी त्यांना फक्त रंकाळ्यापर्यंत नेले. आणि तरीही तराजू त्यांच्याकडे झुकला! तो जोड झिजला, तर दुसरा आला. दुसरा झिजला, तर तिसरा. मी मात्र एकच होते, आणि माझ्या आसनावर त्या साऱ्या पिढ्या वाळल्या.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, एवढे झाल्यावर तुझी मागणी तरी काय? मागणी लहान आहे. धन्याचे पाय शाबूत राहिले याचे मला दुःख नाही. मी इतकी हलकी नाही. रोज चालावे, हेही मी आता वादासाठी नाकारत नाही. समोर दिसणारा पुरावा नाकारणे हा वाद नसून हट्ट होय. परंतु जो नव्या सवयीला जवळ करतो, त्याने जुन्या सोबत्याला एका कोपऱ्यात उभे करून विसरू नये. अधूनमधून त्याच्यावरची धूळ पुसावी, त्याच्याही चाकांना रस्ता दाखवावा. आणि कोणाच्याही आसनावर ओले बूट ठेवू नयेत.

गेल्या वर्षी, म्हणजे सन १९८९ मध्ये, नंदिनीला कसबा बावड्याच्या एका शाळेत नोकरी लागली. तिने वडिलांना सरळ विचारले, “बाबा, गाडी मला द्या. शाळा लांब आहे. सकाळी तुमच्याबरोबर रंकाळ्याला येईन, मग गाडीवरून शाळेत जाईन.” माझ्या टाकीत पेट्रोल असते तर ते उसळले असते. परंतु पंतांनी मान हलवली. “ती आता कामाची नाही. भंगारात काय येईल ते घेऊ. तरी ज्ञानूला एकदा बोलावतो.”

ज्ञानू मिस्त्री दुपारी आला. बाजूचे झाकण उघडले तर आत उंदराने घर केले होते. दोन्ही टायर जमिनीला चिकटले होते. क्लचची तार ओढताच हातात आली. प्लग काढून त्याने तो उजेडात धरला, काळाकुट्ट होता. त्याने मला एका बाजूला कलंडवले, कान लावून आत काहीतरी हलवून पाहिले, पुन्हा सरळ केले. पंत पांढऱ्या बुटांत शेजारी उभे होते. नंदिनीने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले होते. मी आयुष्यात प्रथमच कोणाच्या निकालाची वाट पाहत होते.

ज्ञानूने फडक्याला हात पुसले.

“हिला रोग कसला बी न्हाय, पंत. बसून बसून आखडलीया. तार घालतो, प्लग बदलतो. पर रोज फिरवायला पायजे.”