रोश्तदऱ्याचे सात बुरूज

झरबख्तचा दुशान्बेहून फोन आला तेव्हा मी गाईची धार काढत होते. झरबख्त म्हणजे माझा धाकटा दीर. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तो एवढासा होता; नाक पुसायलासुद्धा त्याला माणूस लागायचा. आता शहरात मोबाइलच्या दुकानात नोकरीला आहे, आणि खुजंदच्या कापडवाल्यांची मुलगी करून बसलाय.

"वहिनी, फरझोनाची आई येतेय. गाव बघायला."

"येऊ दे की. विहीणबाईंचंच घर आहे."

"तसं नाही हो. किल्ला तेवढा जरा साफसूफ करून ठेवा."

"कुठला किल्ला?"

"आपला, वहिनी! टेकडीवरचा!"

मला खरंच आधी उमगेना. आमच्या रोश्तदऱ्यात टेकडीवर अर्धा बुरूज आहे आणि त्यात गुलमो म्हातारी गाढव बांधते. बाकीच्या किल्ल्याचे दगड गावानं पणजोबांच्या काळापासून खाली उतरवले. आमचा गोठा त्याच दगडांचा, शाळेची मागची भिंत त्याच दगडांची, आणि आमचा संडाससुद्धा.

"तू त्यांना सांगितलंयस तरी काय?"

तो हळूच म्हणाला, "सात बुरूज."

"मग येताना सहा घेऊन ये," म्हटलं आणि फोन ठेवला.

पण पोराचाही अगदीच दोष नव्हता. लग्नाच्या बोलणीत तिकडची माणसं म्हणे रोज काही ना काही काढायची. आमचं दुकान, आमची जर्दाळूची बाग, आमच्या काकांचा तिमजली बंगला. याच्याकडे काढायला काय होतं? पाच खांबांचं घर, दोन गाई, थोड्या मेंढ्या आणि वरची हिमनदी. मग त्यानं गावच वाढवलं. किल्ल्याला सात बुरूज दिले. तळ्याला दिवसातून तीन रंग दिले. गरम झऱ्यात बुडी मारली की सत्तरीची बाई विशीची होते, असंही ठोकून दिलं. कातळावरची चित्रं मात्र खरोखर जुनी आहेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल तो कमी बोलला होता.

माझा नवरा नेककदम फार बोलत नाही. सगळं ऐकून त्यानं एवढंच विचारलं, "मग गाढव हलवायचं का?"

आम्ही गुलमोकडे गेलो. ती म्हणाली, "का हलवू? किल्ला होता तेव्हापासून तिथं गाढवं असणार. राजा काय चालत यायचा?"

आम्ही परत आलो.

दुसरी पंचाईत पाटीची होती. दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याहून साहेब आले आणि रस्त्याला 'प्राचीन वास्तू' अशी मोठी निळी पाटी ठोकून गेले. पाटी बुरुजाहून दोन हात रुंद आहे. पहिल्याच हिवाळ्यात वाऱ्यानं तिचा बाण फिरला, तो थेट आमच्या संडासाकडे. तेव्हापासून सायकलवरचे गोरे पाहुणे येतात, आमच्या संडासाचे फोटो काढतात आणि समाधानानं पुढे जातात. नेककदम आत असला की खोकून इशारा देतो. एकदा एकानं बांधकामाची फार तारीफ केली. दगड किल्ल्याचेच, म्हणून आम्हीही खोडून काढलं नाही.

विहीणबाई आल्या त्या लेक-जावयाबरोबर, दोन दिवसांच्या धुळीनं माखून. नाव मस्तुरा, अंगानं भरभक्कम, गुडघे दुखरे, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. बरोबर स्वतःच्या रोट्यांचं गाठोडं. "म्हटलं, वर डोंगरात काय मिळतंय न मिळतंय," असं मला तोंडावर म्हणाल्या. मी हसले. मग त्यांच्या वाडग्यात दूधचहा ओतला, वर लोण्याचा गोळा सोडला आणि आमची रोटी कुस्करून घातली. त्यांनी तो वाडगा संपवला, दुसरा मागितला, आणि त्यांचं गाठोडं बांधलेलंच राहिलं. मीही गाठोड्याकडे बघितलं नाही. विहिणीला एकदाच हरवावं, लगेच दुसऱ्यांदा नाही.

दुसऱ्या दिवशी सगळी वरात किल्ल्याला निघाली. पुढे झरबख्त हात पसरून बोलतोय, मागे त्याची बायको फरझोना, तिच्यामागे काठी टेकत विहीणबाई, शेवटी आम्ही दोघं. विहीणबाईंनी आयुष्यभर बाजारात कापड विकलेलं. समोर काहीही आलं की त्यांची बोटं आपोआप चिमटीत धरून पोत बघायची. बुरुजाचा दगडसुद्धा त्यांनी तसाच चाचपला.

"माल अस्सल आहे," म्हणाल्या. "पण जावईबापू, बाकीचे सहा?"

"काळाच्या ओघात, आई... भूकंप, परकीय आक्रमणं..."

"आक्रमणं कुणाची?"

नेककदम मागून म्हणाला, "आमचीच."

तेवढ्यात आतून गाढव ओरडलं. विहीणबाईंनी डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "किल्लेदार घरी आहेत वाटतं." फरझोनानं ओढणी तोंडात कोंबली. झरबख्तच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

तळ्याचं काय सांगू? ढग खाली आले होते. आम्ही रोटी खाल्ली, विहीणबाईंनी एक डुलकी काढली, तरी तळं राखाडी ते राखाडीच. शेवटी माझ्या नवऱ्यालाच भावाची कीव आली. "सकाळी राखाडी, दुपारी राखाडी, संध्याकाळी जरा गडद राखाडी," तो म्हणाला. "तीन झाले की."

आता राहिला कातळ. तिथं झरबख्तला पुन्हा बळ आलं, कारण तिथं खोटं बोलायची गरजच नव्हती. काळ्या तुळतुळीत दगडावर वाकड्या शिंगांचे रानबोकड कोरलेत, मागे धनुष्यवाले शिकारी, एक लांब शेपटीचा कुत्रा. विहीणबाई काठी टेकून वाकल्या. त्यांनी एका बोकडाच्या पाठीवरून बोट फिरवलं.

"कुणी बसून केलं असेल हो हे? एवढ्या थंडीत?"

"हजारो वर्षांपूर्वी, आई!" झरबख्तची छाती फुगली. "आमच्या पूर्वजांनी! एकेक रेघ बघा!"

बाईंनी एकेक रेघ बघितली, हेच चुकलं. बघत बघत त्या कातळाच्या डाव्या कोपऱ्याला गेल्या आणि थांबल्या.

"फरझोना, माझा चष्मा घरी राहिला. हे काय लिहिलंय ग?"

फरझोनानं वाचलं. तिचा आवाज बर्फासारखा. "झरबख्त अधिक बुनफशा."

शेजारी बाणानं भोसकलेला बदामही होता. खरं सांगते, मी त्या वाटेनं वर्षानुवर्षं शेण्या आणते, पण माझं कधी लक्ष गेलं नव्हतं.

"हा झरबख्त कोण?" फरझोनानं विचारलं.

"आमच्याकडे... हे नाव फार जुनं आहे," झरबख्त म्हणाला.

"आणि अधिकची खूण?"

"तीही."

विहीणबाईंनी अक्षरांवरून अंगठा घासला. "हा माल काही इतका जुना नाही, बापू. अजून सुतं बोटाला लागतायत."

परतीच्या वाटेवर फरझोना नवऱ्यापासून वीस पावलं पुढे चालली. त्यानं गाठायला वेग वाढवला की तीही वाढवायची. घरी पोचलो तेव्हा दोघंही धावत होती.

रात्री फरझोना माझ्याजवळ झोपली, आणि झरबख्त त्याच्या भावाजवळ. उजाडताच विहीणबाई म्हणाल्या, "चला, आता झरा. गुडघे फार बोलायला लागलेत." मी झरबख्तकडे पाहिलं. त्याचा चेहरा पार उतरला होता. कारण झऱ्यावरच्या न्हाणीघरात बायकांच्या बाजूची किल्ली कुणाकडे असते, ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

किल्ली बुनफशाकडे असते. चार लेकरांची आई, दंड मेंढपाळासारखे, आवाज दरीपलीकडे जाणारा. झरबख्त बाहेरच दगडावर बसला. आम्ही तिघी आत गेलो, कपडे उतरवले, पाण्यात शिरलो. वाफेत विहीणबाईंचा नुसता रुमाल दिसत होता. बुनफशा फडका घेऊन त्यांच्या गुडघ्यांशी बसली आणि चोळायला लागली.

"तुझं नाव काय ग, पोरी?"

"बुनफशा."

फरझोना हनुवटीपर्यंत बुडली. मी म्हटलं, आता इथं काहीतरी होणार, आणि पायाखाली नीट दगड शोधून उभी राहिले.

"कातळावरची?" विहीणबाईंनी विचारलं.

बुनफशाला क्षणभर समजलं नाही. मग समजलं, आणि ती अशी हसली की छताची जुनी खपली सुटून पाण्यात पडली. "अगं बाई! ते अजून आहे? तो मेला खिळा आणि हातोडा घेऊन दिवसभर ठोकत बसला होता. मला म्हणाला, दुशान्बेत तुला घर बांधीन, दारात कारंजं. मी म्हटलं, आधी तुझ्या गोठ्याचं गळकं छप्पर बांध. तर रुसला! शेवटचं अक्षर त्यानं रुसल्यावर कोरलंय, बघा, वाकडं आहे."

"कारंजं?" फरझोना पाण्याबाहेर आली. "मला पण कारंजंच म्हणाला होता!"

"निळ्या फरशीचं?"

"निळ्याच!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मग जे हसणं सुटलं ते थांबेना. विहीणबाई हसता हसता पाण्यात बसल्याच, त्यांना आम्ही तिघींनी धरून वर काढलं. बाहेरून झरबख्तचा बारीक आवाज आला, "सगळं ठीक आहे ना? आई? वहिनी?"

"तुम्ही तिथंच बसा, बापू!" विहीणबाई ओरडल्या. "आम्ही विशीच्या होतोय!"

गुडघ्यांना खरोखर उतार पडला. विहीणबाई तीन दिवसांसाठी आल्या होत्या, त्या पंधरवडाभर राहिल्या. सकाळी झरा, दुपारी झरा, संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसून बायकांना कापडाच्या गोष्टी. गुलमोशी त्यांचं फार जमलं. किल्ला बघायला मात्र परत एकदाही गेल्या नाहीत. सायकलवाले आले की स्वतः उठून त्यांचे खांदे धरायच्या, संडासाकडून टेकडीकडे वळवायच्या आणि गाढवाला घाबरू नका म्हणून हातवाऱ्यांनी सांगायच्या. नेककदम म्हणाला की पाटी फिरल्यापासून पहिल्यांदाच तो निवांत आत बसू शकला.

झरबख्तनं मधल्या दिवसांत गोठ्याचं छप्पर दुरुस्त केलं. कुणी सांगितलं नव्हतं, पण फरझोना शिडी धरायला जाऊन उभी राहिली, त्यावरून मी ओळखलं की निवाडा कुठल्या बाजूला झुकतोय.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तो सासूपुढे येऊन बसला. "आई, मी थोडं वाढवून सांगितलं होतं."

"थोडं?"

"बरंच."

विहीणबाई सुई-दोरा घेऊन मला गादी शिवू लागत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मी गिऱ्हाइकाला रंगाबद्दल काय काय सांगितलं असेल, ते देवालाच ठाऊक. डाळिंब म्हटलं, पहाट म्हटलं, नवरीचे गाल म्हटलं. त्याला पाप लागत नाही. पण गज मात्र कधी छोटा धरला नाही. तुम्ही तळ्याचं सांगाल तेवढं ऐकीन, जावईबापू. बुरूज मोजून सांगत जा."

"हो, आई."

"आणि आमच्या काकांचा बंगला तिमजली नाही. दोनच मजले आहेत. वरचा पत्र्याचा आहे."

झरबख्तनं चमकून पाहिलं. मग तो हसला, आणि कितीतरी दिवसांनी फरझोनाही त्याच्याकडे बघून हसली.

सकाळी जीप आली. विहीणबाई पुढे बसल्या, मांडीवर मी दिलेला वाळल्या दह्याच्या गोळ्यांचा डबा. फरझोना आणि झरबख्त मागे, मध्ये बुनफशानं धाडलेली मेंढीची कातडी. मी दारात उभी होते. डोळे भरून आले, पण विहिणीसमोर कशाला दाखवायचे, म्हणून मी ड्रायव्हरलाच ओरडले की वळणावर जपून.

"शीरमोबाई," विहीणबाईंनी काच खाली केली, "पुढच्या वर्षी मी बाजारातल्या मैत्रिणी घेऊन येते. सगळ्यांचे गुडघे गेलेत."

"किती जणी?"

"मोजून सांगते," त्या म्हणाल्या आणि जीप निघाली.

मी आत गेले आणि नेककदमला म्हटलं, आणखी गाद्या शिवायला लोकर लागेल. तो उठून मेंढ्यांकडे गेला.