पाच घरं आणि बर्फाची वाट

मल्हारनं शाळेत सांगून टाकलं होतं. एकदा नाही, रोज. "आम्ही आमच्या गाडीनं मनालीला चाललोय. पप्पा चालवणार." शेवटी त्याच्या बाईंनी मला गेटवर गाठलं. "खरंच का हो? एवढ्या लांब? लेकरं घेऊन?"

"हो, ठरतंय," मी हसून म्हणाले.

धाराशिव ते मनाली! धनाजी, म्हणजे मल्हारचे पप्पा, जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात आहेत, त्यामुळं त्यांना डोंगर-नद्यांपेक्षा रस्ताच जास्त आवडतो. जेवताना ते मोबाईलवरचा नकाशा भाकरीशेजारी ठेवायचे. "हे बघ, बीड, संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर. आपल्या गावाबाहेरनं जाणारा हा हायवेच पार पंजाबात शिरतो. वळायचंच न्हाय कुठं. सरळ जात राहायचं."

"म्हणजे आपल्या इथूनच बर्फाला रस्ता जातो?" मल्हारचा घास तोंडाजवळच थांबायचा.

"जातो की. रोज त्याच्यावरनंच तर तू शाळेला जातोस."

तेव्हापासून पोरगं शाळेच्या रिक्षात उत्तरेकडं तोंड करून बसायला लागलं.

खरं सांगायचं तर मीही काही कमी नव्हते. खिडक्यांना उन्हाचे पडदे शिवले. उकळलेलं पाणी थर्मासमध्ये किती वेळ गरम राहतं ते तपासलं. संध्याकाळी लेकरांना दारात उभ्या असलेल्या गाडीत बसवून जेवू घालायचे, सवय व्हावी म्हणून. शेजारच्या भुवनेश्वरी वहिनी गच्चीवरून ओरडायच्या, "पोचला का गं कोट्याला?"

"अजून बीडच न्हाई आलं, वहिनी!"

पण माझी एक अट होती आणि ती मी पहिल्याच दिवशी सांगितली होती. आत्या आल्या तरच जायचं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, गजराबाई. आमची अक्षदा तीन वर्षांची आहे आणि तिला गाडी लागते. तुळजापूर येईस्तोवर दोनदा ओकते. मी मांडीवर घेतलं तर आणखी रडते, कारण मी आधीच घाबरलेली असते आणि ते तिला कळतं. आत्यांच्या मांडीवर मात्र ती पदराचं टोक तोंडात धरून गाढ झोपते. धनाजी गाडी चालवणार, मल्हार पन्नास प्रश्न विचारणार, अक्षदा ओकणार, आणि मागच्या सीटवर मी एकटी? शक्यच नव्हतं. आत्या नाहीत तर मनाली नाही, एवढं साधं होतं.

आणि आत्या नाही म्हणत होत्या.

"माजं गुडगं दुकतंय."

"आत्या, बसूनच तर जायचंय."

"एवढ्या थंडीत मला न्हाय सोसायचं."

"स्वेटर घेऊ की."

"घराला कुलूप लावून जात्यात व्हय कुनी?"

दर वेळी नवं कारण. धनाजी वैतागले. "आये, सरळ सांग की, यायचं न्हाय म्हणून."

"मग तेच सांगाय लागले न्हवं कवापासनं!"

मग मंगळवार आला. आत्यांनी अंघोळ केली, गळ्यात कवड्यांची माळ घातली, हळदीकुंकवानं भरलेली परडी हातात घेतली आणि दर मंगळवार-शुक्रवारसारख्या पाच घरी जोगवा मागायला निघाल्या. धनाजी तान्हे असताना तापानं हातचे जायला लागले होते. तेव्हा आत्यांनी तुळजापूरच्या आईला नवस बोलून ही परडी घेतलेली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हासुद्धा वॉकर धरून शेजारच्या पाच दारांत गेल्या, पण खंड पडू दिला नाही.

त्या चपला घालत होत्या आणि मल्हारनं सहज विचारलं, "आज्जी, बर्फात पाच घरं असतात का गं?"

आत्या उंबऱ्यावरच थांबल्या. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गुडघा नाही, थंडी नाही, कुलूप नाही. मंगळवार आणि शुक्रवार. हायवेवर पळत्या गाडीत पाच दारं आणायची कुठून?

उजेड पडला तो पडला, आणि मी लगेच शहाणपणा केला. शिकलेल्या बाईला अडचण दिसली की डबे दिसतात. मी दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या पाच घरी गेले, प्रत्येकीकडून वाटी वाटी पीठ मागून आणलं आणि छोट्या डब्यांत भरलं. प्रवासातल्या प्रत्येक मंगळवारचा डबा वेगळा, प्रत्येक शुक्रवारचा वेगळा. वर चिकटपट्टी लावून वारही लिहिले. इतकी खूश होते मी! ट्रेमध्ये मांडून आत्यांपुढं नेले.

"ह्ये काय गं?"

"जोगवा, आत्या. पाच घरचाच आहे. वार आला की डबा उघडायचा, परडीत ओतायचा. झालं!"

आत्यांनी एक डबा उचलला, हलवून बघितला, परत ठेवला. मग जे हसायला लागल्या ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "अगं वर्षे, जोगवा म्हंजी रेशन हाय व्हय, आगाव उचलाय? दारात जाऊन उबं ऱ्हायचं असतं गं. समोरच्यानं त्या दिशी त्या घडीला द्यायचं असतं. त्याच्या मनात आलं तर, न्हाय तर न्हाय. डब्यात कसं भरशील ते?"

त्या हसल्या म्हणून बरं, नाहीतर मी रडलेच असते. रात्री त्याच पिठाच्या चपात्या झाल्या. धनाजी म्हणाले, "आज मंगळवार खाल्ला की शुक्रवार?" मी लाटणं उगारलं.

आता मनाली जाते की काय, या विचारानं मला धास्ती भरली. मल्हारला कसं सांगायचं? तो तर हातमोजे घालून झोपत होता, एप्रिलमध्ये.

तरी मी एक चाचणी ठरवली होती, ती रद्द केली नाही. शुक्रवारी सुट्टी होती. नळदुर्गापर्यंत जायचं, किल्ला बघायचा, परत यायचं. अक्षदा किती सोसते ते कळेल. आत्या म्हणाल्या, "जोगवा झाल्याबिगर म्या गाडीत बसत नसते." आम्ही थांबलो. पण लग्नसराईचे दिवस, अर्ध्या गल्लीला कुलपं. आत्या फिरून आल्या त्या तीनच घरं करून.

"चला," त्या म्हणाल्या आणि परडी मांडीवर घेऊन बसल्या. "ऱ्हायलेली दोन नळदुर्गात करीन. तितं घरं असतीलच की."

तुळजापूर आलं, त्यांनी गाडीतूनच हात जोडले. अक्षदा पदर तोंडात धरून झोपलेली. मी दर पाच मिनिटांनी तिच्या कपाळाला हात लावत होते. "हात नगो लावूस सारका," आत्या पुटपुटल्या. "तिला वाटतंय कायतरी व्हनार हाय."

नळदुर्गाच्या अलीकडं मल्हारला लघवी लागली, म्हणून धनाजींनी हैदराबाद हायवेवरच्या एका ढाब्याला गाडी लावली. बाजूला ट्रकांची रांग. लिंबाखाली एका ट्रकच्या सावलीत एक पागोटंवाला ड्रायव्हर छोट्या गॅसवर रोट्या भाजत होता. आत्या पाय मोकळे करायला उतरल्या, परडी हातातच. त्या माणसानं वर बघितलं. पटकन तवा खाली उतरवला, चपला काढल्या आणि उभा राहिला.

"माताजी?" त्यानं परडीकडं बघत विचारलं.

"तुळजापूर की आई हाय," आत्यांनी आपल्या हिंदीत सांगितलं. "तुमारा गाव किधर?"

"नागौर. राजस्थान." आणि ओंजळभर पीठ घेऊन तो पुढं आला.

आत्यांनी परडी मागं ओढली. मला वाटलं, झालं, आता नाही म्हणणार, बिचाऱ्याला वाईट वाटणार. पण त्या त्याच्याकडं नाही, ट्रककडं बघत होत्या. केबिनमध्ये देवीचा फोटो, त्याला उदबत्ती. आरशाला वाळत घातलेला सदरा. सीटमागं गादी, लोणच्याची बरणी.

"तुम सोते किधर?"

"इसी में, माँजी."

"रोटी बी हितंच?"

"यही तो घर है."

आत्या केबिनच्या पायरीपुढं जाऊन उभ्या राहिल्या, जशा गल्लीत दारापुढं उभ्या राहतात तशा. "उदो!" म्हणाल्या आणि परडी पुढं केली. त्यानं दोन्ही हातांनी पीठ घातलं आणि कपाळाला कुंकू लावून घेतलं. पलीकडच्या ट्रकचा ड्रायव्हर, तेलंगणाचा, हे सगळं बघत होता. तो न बोलावता मूठभर तांदूळ घेऊन आपल्या केबिनपाशी उभा राहिला. आत्या त्याच्याही दारात गेल्या.

"पाच झाली!" मल्हार ओरडला. तो बोटांवर मोजत होता.

किल्ला बघून परत निघालो तेव्हा गाडीत कुणीच मनालीचं नाव काढलं नाही. मी काढणार होते, पण धनाजींनी आरशातून डोळ्यांनीच गप्प केलं. तुळजापूर मागं पडलं. आत्या परडीतल्या पिठात मिसळलेल्या तांदळावरून बोट फिरवत बसल्या होत्या.

"धना."

"काय, आये?"

"त्या बर्फाकडल्या वाटंला ढाबे असत्यात न्हवं?"

"लई असत्यात."

"मग मंगळवार-शुक्रवार दुपारी थांबायचं. सकाळी न्हाय. ही मानसं रातभर गाडी हाकत्यात, सकाळी झोपलेली असत्यात. झोपल्या मानसाच्या दारात जायचं नसतं."

मल्हारनं जी आरोळी ठोकली ती मागच्या मोटरसायकलवाल्यानंसुद्धा ऐकली असणार. त्या आवाजानं अक्षदा दचकून उठली, तोंड पांढरं पडलं. मी "पिशवी, पिशवी!" करत पर्स उपसायला लागले. पण पिशवी आत्यांच्या हातात आधीच उघडी होती. एका हातानं त्यांनी तिचं कपाळ धरलं, दुसऱ्या हातानं पिशवी.

"झालं, झालं," त्या पदरानं तिचं तोंड पुसत म्हणाल्या. "ओक पोट भरून. अजून इंदूर यायचंय. आन् वर्षे, तो स्वेटर कवा घ्यायचा म्हनालीस? हिरवा घे. पांढरा बर्फात दिसायचा न्हाय."