निळ्याच्या शेजारचा लाल

मी संगणकाचा एक जुना मॉनिटर आहे मित्रांनो, आणि आधीच सांगतो, जळका आहे. ओग्बोमोशो शहरातल्या परीक्षा केंद्रात खिडकीजवळ बसतो. नवा होतो तेव्हा केंद्र चालवणारे ओलागोके सर मला रोज स्वतः पुसायचे. मग माझ्या केबलची पिन वाकली आणि पांढऱ्याच्या जागी सगळं लालसर दिसू लागलं. त्याच सुमारास शेजारी तो नवा मॉनिटर आला. सडपातळ, आणि प्रश्नांमागचा रंग कसा मऊ निळा!

सरावाला आलेल्या मुलांच्या त्याच्यावर उड्या पडायच्या. माझ्यासमोर बसायची वेळ आली की कुरकुर. "सर, इथे उत्तर द्यायच्या आधीच चुकल्यासारखं वाटतं, सगळी लाल शाईच!" प्रश्न तेच, मुलं तीच, पण माझ्यावर गुण खरोखरच कमी पडत. कौतुक त्याचं आणि धूळ माझी. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

अजोके तर त्याला सोडायचीच नाही. तिला नर्स व्हायचं होतं, पण विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत ती दोनदा आपटली होती. या खेपेला नाही जमलं तर मावशीकडे शिवणकामाला, असं घरी ठरलं होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पालक प्रार्थनेला आले. "माझ्या लेकीला हाच मिळू दे," म्हणत अजोकेच्या आईने पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिलेलं तेल निळ्याच्या पडद्याला चोळलं. ते बघून बाकीच्या आयाही सरसावल्या.

"अहो अजोकेची आई, पडदा आहे तो, कपाळ नव्हे!" सर ओरडले.

"सर, तुम्ही तुमचं यंत्र बघा, आम्ही आमचा देव बघतो!"

माझ्याकडे एकीनेही बोट वळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी अजोकेला निळाच मिळाला. पण तेलावर धूळ बसली होती. पुसायला जावं तर ते आणखीच पसरे. "सर, अक्षरंच दिसत नाहीत!" ती रडकुंडीला आली. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. माझ्या जागेवरचा मुलगा आलाच नव्हता, म्हणून सरांनी तिला माझ्यासमोर बसवलं.

"लाल? देवा, संपलं माझं!"

आता त्याच्यापेक्षा कमी गुण पडले असते तर नाक माझंच कापलं गेलं असतं. मी जीव एकवटून एकेक अक्षर धरून ठेवलं. लालच्या धाकाने ती प्रत्येक प्रश्न दोनदा वाचत होती.

तिला प्रवेश मिळाला. तिची आई नाचतच केंद्रात आली.

"आई, मी या लालवर सोडवला पेपर," अजोके म्हणाली.

"गप गं! तेल याला लावलं, म्हणून शेजारच्यापर्यंत कृपा पोचली!" आणि बाटली उघडून तिने निळ्याला पुन्हा न्हाऊ घातलं.

मित्रांनो, पडद्याला तेल लावू नका. मऊ, कोरड्या फडक्याने हलक्या हाताने पुसा. पिन वाकली असेल तर वेळीच सरळ करून घ्या. आणि एवढं सांगूनही लावायचंच असेल, तर एक थेंब मलाही लावा.