न तपासताच बरे झालेले

मी सोनोग्राफीची एक जुनी मशीन आहे. तिएनशान पर्वताच्या पायथ्याशी, मेंढपाळांच्या गावातल्या इस्पितळात माझी खोली आहे. आले तेव्हा माझा पडदा लख्ख होता, आता कडेने पिवळा पडलाय. मित्रांनो, किती पोटं पाहिली ते विचारू नका. इथे कुत्री आणि मेंढ्या माणसांच्या अंथरुणाशीच असतात, त्यातून यकृतात पाण्याच्या गाठी होतात. ऑपरेशनने गाठ काढल्यावर ती परतते का, हे मीच बघायचं. पहिल्या वर्षी गावाने माझ्या मानाची मेंढी कापली होती. आता माझ्यावर ओले कोट वाळत घालतात.

यंदा शेजारच्या टेबलावर लेख लिहिणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आली. डॉक्टर बुरुलने तिला ऑपरेशनच्या नोंदी दिल्या. लेख वैद्यकीय मासिकात छापून आला तरच बुरुलची नोकरी पक्की होणार होती. घटकाभरात गुळगुळीत लेख तयार! ‘वर्षभराने सर्व रुग्णांची फेरतपासणी केली. कुणाचीही गाठ परतली नाही. ऑपरेशननंतर गोळ्यांची गरज नाही.’

फेरतपासणी? हिवाळ्यात बर्फाने वाट बंद, उन्हाळ्यात सगळे वर कुरणांवर. माझ्याकडे कुणी फिरकलंच नव्हतं.

“पाठव आता,” मोठे डॉक्टर सगिनबेक म्हणाले. “तुझ्यापेक्षा बरं लिहितेय ती!”

तेवढ्यात गेल्या वर्षी ऑपरेशन झालेल्या वयस्कर कलिपा अपा आल्या. कुरणावरून नुकत्याच उतरल्या होत्या.

“बुरुल, पोरी, कुशीत दुखतंय गं. घोड्यावर बसवत नाही.”

बुरुलने त्यांना आडवं केलं. माझ्या पडद्यावर गाठ उमटली. शेजारी आणखी एक.

“अपा, इथे लिहिलंय, तुम्ही बऱ्या झालात.”

“हो का? मग मला कळवायचं तरी!” अपा कूस धरून हसल्या.

बुरुलने ती वाक्यं खोडली. “सगिनबेक सर, आधी सगळ्यांना बोलावते. मग पाठवीन.”

“तोवर जागा जाईल, वेडे.”

“जाऊ दे. हे वाचून कुणी गोळ्या बंद केल्या म्हणजे?”

जागा गेलीच. बुरुल अजून हंगामीच आहे. बाहेर मात्र तिने बोलावलेल्या रुग्णांची रांग लागलीय. माझा पंखा घरघरतो, पडदा मध्येच विझतो, तशी ती मला थोपटते.

मित्रांनो, लिहायला कुणाचीही मदत घ्या. पण माणूस बरा झाला असं लिहिण्याआधी त्याला एकदा बोलवा, आडवं करा आणि बघा. मी दमलेय, पण तेवढं अजून दाखवीन.